तांदळाच्या कणीएवढी गोगलगाय

ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, ज्यांचं नुकसान झालं त्या डॉक्टरांजवळ नाही, आणि मोईनजवळ तर नाहीच नाही. मोईन दर वर्षी माझ्या दुकानात येतो, चहा पितो, माझ्या मुलीच्या कॉलेजची चौकशी करतो — आणि मी गप्प बसतो. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, हेच बहुतेक कारण असावं.

सरळ मुद्द्यावर यायला मला जमणार नाही, आधीच सांगून ठेवतो. थोडं फिरून येऊ द्या.

माझं नांदेडला चष्म्याचं दुकान आहे. डोळे तपासतो, नंबर काढून देतो, काड्या बदलून देतो. आणि दुकानाच्या मागच्या खोलीत समुद्र आहे. हसू नका — खराच समुद्र, चार फुटी काचेच्या टाकीतला. गोदावरी दहा मिनिटांवर आहे, पण तिचं पाणी या कामाचं नाही. फिल्टरचं शुद्ध पाणी घ्यायचं, त्यात परगावाहून मागवलेलं समुद्री मीठ विरघळवायचं, आणि त्या पाण्यात मासे आणि जिवंत कोरल वाढवायचे. कोरल म्हणजे पोवळं, पण अंगठीतलं नव्हे. दगडाला धरून वाढणारा, रंगीत, पानासारखा किंवा फांद्यांसारखा पसरणारा जीव. माझ्या एका मावसभावाने टाकी बघून विचारलं होतं, "यातलं एखादं अंगठीत बसंल का रे?" मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत ही टाकी थंड ठेवायची म्हणजे फ्रीजमध्ये भाजीला जागा राहत नाही, सगळ्या बर्फाच्या बाटल्या. बायको म्हणते, माहेरच्या लोकांना सांगायचीसुद्धा लाज वाटते.

पण मला सर्वांत जास्त आवडायचे ते मासे नव्हेत, कोरलही नव्हेत. मला आवडायचे किडे.

कोरल ज्या दगडाला चिकटून येतं, त्याच्या भोकांत, कपारीत न बोलावलेले पाहुणे येतात. कधी केसाळ अळी, कधी दगडाच्या रंगाचा खेकडा, कधी एक तपकिरी फुलासारखा प्राणी, जो शेजारच्या कोरलला डंख मारून मारून संपवतो. हे फूल चिमट्याने तोडलं की एकाचे दहा होतात. मग काय करायचं? इंग्रजी पुस्तकात महागडी औषधं दिलेली असतात. मी कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडून चुना आणला, इन्सुलिनच्या सुईत भरला आणि थेट फुलाच्या तोंडात सोडला. फूल आक्रसलं ते कायमचं. त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो माझ्या लग्नातही झाला होता की नाही, शंका आहे.

दुकानात भिंगांना तोटा नाही. दुपारी एक ते चार शटर अर्धं ओढलेलं असतं, तेव्हा टाकीवर चादर टाकायची, टॉर्चला लाल कागद लावायचा आणि बघत बसायचं. अंधार झाला असं वाटून हे किडे बाहेर येतात. हा काय खातो? कुठून येतो, कुठे जातो? याला पाय किती? नांदेड-लातूरकडे हा नाद असलेले आम्ही मोजून सात-आठ जण; मोबाइलवर आमचा एक ग्रुप होता. कुणालाही टाकीत नवीन काही वळवळताना दिसलं की फोटो माझ्याकडे. मी पाच मिनिटांत सांगायचो — हा निरुपद्रवी आहे, राहू द्या. हा चोर आहे, काढा. मला सगळे किडेमास्तर म्हणायचे. चेष्टेत म्हणायचे, पण मला ते नाव फार प्रिय होतं. चुकलो असं कधी झालं नव्हतं. माझ्या टाकीत वाईट किडा आहे, असंही कधी झालं नव्हतं — म्हणजे, तसं मी सांगत आलो होतो.

आता दोन माणसं सांगतो, म्हणजे सगळी माणसं सांगून होतील.

एक, डॉक्टर बिरादार. देवणीकडचे, गुराढोरांचे डॉक्टर, राहायला लातूरला. देवणी गाय ओळखायची तर कान कसा बघायचा, हे ते तासभर सांगतील. त्यांच्या टाकीत एक जांभळं कोरल होतं. नखाएवढा तुकडा आणून त्यांनी सहा वर्षांत ते परातीएवढं केलं होतं. लातूरला नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसायचा. शेजारीण ऐकवायची, "मान्सायला प्याया पानी न्हाई, अन् हे पान्यात मीठ कालवून राहिले." डॉक्टर हसायचे आणि स्वतःच्या आंघोळीचं पाणी कमी करायचे.

दुसरा मोईन. नांदेडलाच त्याचं माशांचं दुकान. गोड्या पाण्याचे मासे सगळेच विकतात. खाऱ्या पाण्याचा माल ठेवणारा आमच्याकडे तो एकटा. त्याची एक पद्धत होती. मुंबईहून कोरल आलं की तो ते कुणालाही द्यायचा नाही. आधी औषधाच्या पाण्यात बुडवायचा, मग तीन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवायचा आणि रोज उलटंपालटं करून बघायचा. गिऱ्हाईक कितीही मागे लागो. तो म्हणायचा, "सर, माल खराब निघाला तर माझं नाव खराब. मी बघितल्याबिगर देत न्हाई." आणि खरंच, त्याच्या बादलीतून किडा आला असं एकदाही घडलं नव्हतं. दहावी नापास माणूस, पण नजर अशी की माझ्या भिंगाला जे दिसायचं ते त्याला नुसत्या डोळ्यांनी दिसायचं. मला त्याचं कौतुक होतं. थोडी असूया होती का? होती. लिहूनच टाकतो.

चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात, एका दुपारी, माझ्या टाकीतल्या लाल कोरलची कड मला पांढरी दिसली. हे कोरल पानासारखं आडवं वाढतं, कुंकवाच्या रंगाचं. पान उलटं केलं, भिंग लावलं. तांदळाच्या कणीएवढी पांढरी गोगलगाय. शंख नाही. पाठीवर बोटांसारखे तुरे, चालताना हलणारे. हळूहळू कड खात चालली होती, आणि जिथून गेली तिथे मागे नुसता सांगाडा.

ही कोण, ते मला माहीत होतं. पुस्तकात वाचलं होतं, प्रत्यक्ष पहिल्यांदाच बघत होतो. मोईनला वगळून मी मुंबईहून परस्पर मागवलेल्या एका तुकड्याबरोबर आली असावी. ही फक्त याच जातीचं कोरल खाते, दुसरं काही नाही. औषधात बुडवलं तर गोगलगाय मरते, अंडी मरत नाहीत. अंडी पानाच्या खालच्या बाजूला चिकटवलेली असतात, ती सुईने खरवडावी लागतात. एक पुंजका राहिला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

शहाण्या माणसाने काय केलं असतं? ग्रुपवर लिहिलं असतं — माझ्याकडे ही आली आहे, माझ्याकडून कुणी काही नेऊ नका. दोन ओळींचं काम. मी लिहिलं नाही. किडेमास्तरच्या घरात किडा! मी एक तुकडा लोणच्याच्या बरणीत वेगळा ठेवला, हवेची नळी सोडली, आणि रोज दुपारी बघू लागलो. अंडी कशी असतात? आत काही हलतं का? हलत होतं. आठवड्याभरात, साबुदाण्याच्या कणासारख्या त्या पारदर्शक पिशवीत, एक इवलासा जीव गोल गोल फिरताना मी बघितला. काय सांगू तुम्हाला! मी जेवायला गेलो नाही. बायको हाका मारून थकली.

बाकीचं लाल कोरल मी गुपचूप साफ करायला घेतलं. आणि नेमका त्याच आठवड्यात डॉक्टर बिरादारांचा फोन. त्यांचं जांभळंही याच जातीचं; त्याच्या शेजारी त्यांना लाल हवं होतं. "सर, तुमचं ते कुंकवावालं. बोटाएवढा तुकडा द्या की. लई दिवसांचं मनात हाय."

नाही म्हणता आलं असतं. महिनाभर थांबा म्हणता आलं असतं. मी हो म्हणालो.

तुकडा कापला. आयोडीनच्या पाण्यात बुडवला, दोन गोगलगाई गळून पडल्या. मग उलटा करून भिंगाखाली धरला. अंड्यांचे तीन पुंजके होते. पहिला सुईने काढला. दुसरा काढला.

तिसरा —

तिसरा मला दिसला होता. इथे मला कुणी असं म्हणू नये की बिचाऱ्याच्या नजरेतून सुटला असेल. माझा धंदाच बघण्याचा आहे. मला तो स्वच्छ दिसला, आणि मी सुई खाली ठेवली.

का? डॉक्टरांच्या टाकीत एक पिवळा मासा होता, बोटाएवढा लांब, दिवसभर दगडं टोचत फिरणारा. असा मासा या गोगलगाई खातो असं एका ठिकाणी वाचलं होतं. दुसऱ्या ठिकाणी लिहिलं होतं, खात नाही. माझ्याकडे तो मासा नव्हता. मला जाणून घ्यायचं होतं — खातो की नाही? एवढंच. डॉक्टरांबद्दल माझ्या मनात राईएवढाही राग नव्हता. माझ्या जवळच्या माणसाची सहा वर्षांची मेहनत मी माझ्या बरणीसारखी वापरली. त्यांना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही.

एरवी तुकडा द्यायला मी स्वतः रविवारी लातूरला जायचो, डॉक्टरांच्या घरी धपाटे खाऊन यायचो. त्या वेळी थर्मासमध्ये भरला आणि ओळखीच्या कंडक्टरच्या हाती एसटीने पाठवला. तोंड दाखवायचा धीर नव्हता.

पुढचे दोन महिने मी दर आठवड्याला डॉक्टरांना विचारायचो — कसं आहे लाल? फोटो पाठवा. कडेचा पाठवा. पिवळा मासा काय करतो? डॉक्टर ग्रुपवर लिहायचे, बघा, मास्तरांना किती काळजी. त्याच सुमाराला मोईननेही त्यांना त्याच जातीचा एक हिरवा तुकडा दिला होता, त्याच्या बादलीचे तीन आठवडे पुरे करून.

मग एका सकाळी फोटो आला. जांभळ्या परातीची एक बाजू चुन्यासारखी पांढरी. खाली ओळ होती: "सर, हे काय झालं हो?"

मी पाच मिनिटांत ओळखलं. ग्रुपवर नाव लिहिलं, उपाय लिहिला, अंड्यांचं लिहिलं. सगळ्यांनी वाहवा केली. आणि मग डॉक्टरांनी विचारलं, ही आली कुठून? मी काय केलं असेल? मी खोटं बोललो नाही — इतका मी हुशार. मी फक्त विचारलं, "इतक्यात बाहेरून नवीन काही आणलं होतं का?" डॉक्टरांनी लिहिलं, "तुमचं लाल अन् मोईनचं हिरवं." मग डॉक्टरांनीच लिहिलं, तुमच्याकडून तर येणं शक्यच न्हाई. दहा मिनिटांनी मी लिहिलं — "मुंबईच्या मालात ही असते." आता बघा, हे वाक्य खरंच आहे. असते.

मोईन तडक लातूरला गेला. मीही गेलो, न जाऊन कसं चालेल, मास्तर ना मी. चार तास तो टाकीसमोर पाटावर बसून होता. एकेक तुकडा बाहेर काढायचा, दात घासायच्या ब्रशने खालची बाजू घासायचा, माझ्याकडे द्यायचा. मी भिंगाने तपासायचो आणि राहिलेली अंडी दाखवायचो. डॉक्टर त्याला एक शब्द रागाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मोईन सारखं तेच म्हणत होता, "मी बघितलो डॉक्टरसाब. तीन हफ्ते ठेवलो. रोज बघितलो. काय बी नव्हतं. कसं सुटलं मग?"

आणि तुम्हाला खरं सांगू? त्या चार तासांतही माझा एक डोळा पिवळ्या माशावर होता. तो गोगलगाई खात होता. टपाटप खात होता. अंड्यांना मात्र तोंड लावत नव्हता. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं, आणि घरी येऊन मी ते वहीत तारखेसह लिहिलं.

जांभळं कोरल वाचलं नाही. डॉक्टरांनी त्याचा सांगाडा धुऊन कपाटावर ठेवला. इथवर सांगून थांबलो तरी कबुली पुरी झाली असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटायचं. पण जे सांगायचं होतं ते अजून राहिलंय.

पंधरा दिवसांनी मोईन दुकानात आला. दुपारची वेळ, शटर अर्धं. खुर्चीत बसला आणि हात मांडीवर ठेवून म्हणाला, "सर, माझे डोळे तपासा. मला ते दिसलं न्हाई, म्हणजे माझी नजर गेली. दुसरं काय असंल?"

तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता.

मी तपासले. मन लावून तपासले, कारण माझ्या हातांना तेवढंच येतं. लांबचा तक्ता त्याने शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. जवळचं कार्ड हातात दिलं, तेही शेवटपर्यंत वाचलं, आणि मग कार्डाच्या तळाशी छापखान्याचं नाव होतं, केसाएवढ्या अक्षरांत, तेसुद्धा वाचलं. मला चष्मा लावूनही ते नीट दिसत नाही. माझ्या दुकानात इतके निकोप डोळे क्वचित आले असतील.

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. विश्वासाने बघत होता. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं — मोईन, तुझे डोळे उत्तम आहेत. पण मग तो विचारणार, मग अंडी कशी सुटली? आणि मग तो घरी जाऊन विचार करणार. हिरवं नाही, तर लाल.

मी पेटीतून एक भिंग काढलं. पाऊण नंबरचं. त्याच्या डोळ्यांवर फ्रेम चढवली, भिंग बसवलं, कार्ड पुन्हा हातात दिलं. "आता जरा मोठं दिसतं का?" दिसणारच. कुणालाही दिसतं. मोईन म्हणाला, "हाव सर. दिसतंय की." आणि त्याचा चेहरा — मला वाटलं होतं तो खट्टू होईल. त्याला बरं वाटलं. आपण हयगय केली नाही, डोळ्यांनी दगा दिला, एवढं कळून त्याला बरं वाटलं.

चष्मा मी माझ्या हाताने घासला आणि माझ्या हाताने त्याच्या कानांवर बसवला.

महिनाभरात त्याने खाऱ्या पाण्याचा माल बंद केला. ज्याची नजर पक्की नाही त्याने दुसऱ्याच्या टाकीशी खेळू नये, असं तो मला म्हणाला. आता गोड्या पाण्याचे मासे, पिंजऱ्यातले पोपटासारखे पक्षी आणि त्यांचं खाद्य विकतो. तीन आठवड्यांची ती बादली मला आणून दिली: सर, तुम्हाला कामाला येईल. डॉक्टरांनी नवीन कोरल लावलं नाही. टाकीत आता तो पिवळा मासा आणि दोन-तीन साधे मासे आहेत. ग्रुपवर आता फक्त सणावाराच्या शुभेच्छा येतात. मी अजूनही दुपारी बघत बसतो. बघणं सुटलेलं नाही, आणि ते सुटलं असं सांगितलं तर ते आणखी एक खोटं होईल.

मोईन दर वर्षी नंबर तपासायला येतो. मी तपासतो आणि तोच पाऊण लिहितो. चाळिशी आली की जवळचं दिसणं सगळ्यांचंच कमी होतं, त्याचंही होईल, आणि मग तो चष्मा खरा ठरेल — याची मी वाट बघतोय, हेही सांगून टाकतो. गेल्या महिन्यात तो येऊन गेला. एक्केचाळीस वर्षांचा झाला. चष्मा काढून टेबलावर ठेवला, कार्ड हातात घेतलं, आणि छापखान्याचं नाव घडाघडा वाचलं.